जलजीवालयातील तपकिरी थर

जलजीवालयातील तपकिरी थर : खाऱ्या पाण्याचे जलजीवालय नव्याने उभारल्यानंतर काही आठवड्यांत त्याच्या काचेवर, वाळूवर व दगडांवर चढणारा, धुळीसारखा दिसणारा सोनेरी-तपकिरी थर. सामान्यतः दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान तो दिसू लागतो, झपाट्याने पसरतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. बोलण्यात त्यास ‘तपकिरी शैवल’ असे म्हणतात. परंतु वनस्पतिविज्ञानात हे नाव सरगॅसम, केल्प इ. मोठ्या सागरी वनस्पतींच्या गटास दिलेले आहे. जलजीवालयातील थर बहुधा करंडक वनस्पतींचा म्हणजे डायाटमांचा असतो. या सूक्ष्म, एककोशिक शैवलांचे कवच सिलिकेचे असून ते एकमेकांत बसणाऱ्या दोन भागांचे बनलेले असते. वरचा भाग किंचित मोठा व खालचा किंचित लहान असल्याने सर्व रचना झाकण असलेल्या करंड्याप्रमाणे दिसते; त्यावरूनच मराठी नाव आले आहे. कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या केम (ता. करमाळा, जि. सोलापूर) या गावी हे नाव वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

केमचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावयाचा आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान असलेले हे गाव समुद्रापासून दोनशे किमी.हून अधिक दूर, बेसाल्ट खडकाच्या पठारावर वसलेले आहे. अशा ठिकाणी सागरी जीव पाळावयाचे झाल्यास समुद्राचे पाणी आणणे परवडत नाही. स्थानिक गोड्या पाण्यात क्षारांचे मिश्रण विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार करावे लागते. ही कल्पना नवी नाही. इंग्रज निसर्गवैज्ञानिक फिलिप हेन्री गॉस यांनी समुद्रापासून दूर असलेल्या लंडनकरांची हीच अडचण ओळखून १८५४ च्या सुमारास कृत्रिम समुद्रजलाचा पाठ सिद्ध केला होता. मात्र तपकिरी थराविषयीचे पाश्चात्त्य ग्रंथांतील एक आश्वासन दख्खनच्या पठारावर जसेच्या तसे लागू पडत नाही. ‘थांबा, थर आपोआप जाईल’ असे ते आश्वासन आहे. ते कोठे खरे ठरते व कोठे नाही, हे समजण्यासाठी प्रथम या वनस्पतींच्या पोषणाकडे पाहिले पाहिजे.

करंडक वनस्पतींचे स्वरूप व पोषण : बहुतेक जातींच्या कोशिका मिमी.च्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढ्या असतात. त्यांत अ व क ही हरितद्रव्ये असतात. पण फ्यूकोझँथीन या रंगद्रव्यामुळे हिरवा रंग झाकला जाऊन सोनेरी-तपकिरी छटा येते. गोड्या व खाऱ्या पाण्यात, ओल्या मातीत, दगडांवर त्या सर्वत्र आढळतात. महाराष्ट्रातील करंडक वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास एच. पी. गांधी यांनी १९५० नंतरच्या दशकात केला व कोल्हापूर आणि मुंबई-साष्टी या परिसरांतील जातींची वर्णने प्रसिद्ध केली. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सु. एकपंचमांश एकट्या करंडक वनस्पती करतात, असा अंदाज आहे. सागरी प्लवकांवर जगणाऱ्या माशांचे पोषण शेवटी बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. काचेवरच्या ज्या थराने नवा हौशी मनुष्य त्रस्त होतो, तोच समुद्रातील मोठ्या अन्नसाखळीचा पाया आहे.

इतर शैवलांप्रमाणे या वनस्पतींना नायट्रोजन व फॉस्फरस लागतात. परंतु त्याशिवाय कवचासाठी विरघळलेली सिलिका लागते. ती पाण्यात मुख्यतः सिलिसिक अम्लाच्या रूपात असते. सागरी करंडक वनस्पतींत सिलिकॉन व नायट्रोजन यांच्या अणूंचे प्रमाण जवळजवळ समान असते, यावरून सिलिकेची गरज किती मोठी आहे हे ध्यानात येईल. सिलिकेचे कवच बांधण्यास सेल्युलोजाच्या भित्तीपेक्षा कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे सिलिका मुबलक असेपर्यंत या वनस्पती इतर शैवलांना सहज मागे टाकतात. अनुकूल स्थितीत कोशिकांची संख्या दिवसातून एकदा दुप्पट होऊ शकते. या वेगाने एका कोशिकेपासून दहा दिवसांत हजारावर कोशिका होतात. शुक्रवारी स्वच्छ दिसणारी वाळू सोमवारी तपकिरी दिसते, यात म्हणूनच नवल नाही. सिलिका संपली की विभाजन थांबते.

नव्या जलजीवालयात थर का येतो : नव्या टाकीत सर्व पृष्ठभाग उघडे असतात. अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू सावकाश वाढतात. त्यांची वसाहत स्थिरावण्यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. हिरवी व चुनखडी-कवचाची तांबडी शैवले त्याहून मागाहून येतात. चरणारे प्राणी अद्याप सोडलेले नसतात. अशा मोकळ्या रानात वाळू, दगड किंवा पाणी यांबरोबर आलेल्या मूठभर करंडक कोशिकांना प्रतिस्पर्धी राहत नाही. समुद्रात बुडविलेल्या कोणत्याही नव्या वस्तूवर हाच क्रम दिसतो. प्रथम सूक्ष्मजंतूंचे पातळ पटल, त्यावर करंडक वनस्पती आणि नंतर इतर जीव. जहाजांच्या तळांवर चढणाऱ्या अशा थरांचा अभ्यास गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केला आहे.

या अवस्थेत थर निव्वळ अपायकारक नसतो. करंडक वनस्पती अमोनिया सरळ शोषून घेतात व ऑक्सिजन सोडतात, म्हणजे सूक्ष्मजंतूंची वसाहत कच्ची असताना त्या काही भार उचलतात. कोपेपॉडांसारख्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना त्या खाद्य पुरवितात. दिसण्यास ओंगळ, एवढाच त्यांचा दोष. मात्र थर जाड होऊन प्रवाळांवर किंवा मंदगती प्राण्यांवर साचू लागला, तर तो काढला पाहिजे.

ओळख : उपाय ठरविण्यापूर्वी थर खरोखर करंडक वनस्पतींचाच आहे याची खात्री करून घ्यावी. सारखे दिसणारे आणखी दोन थर आहेत व त्यांचे उपाय निराळे, काही बाबतींत उलटे आहेत. करंडक वनस्पतींचा थर भुकटीसारखा असून बोटाने सहज पुसला जातो व बोटांत चोळल्यास किंचित खरखरीत लागतो. नील-हरित शैवलांचा थर तांबूस-जांभळा किंवा काळपट असून तो सायीसारखा एकसंध निघतो. डायनोफ्लॅजेलेटांचा थर तपकिरीच पण चिकट व तारा सुटणारा असतो. त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. त्यांच्या काही जाती विषारी असल्याने गोगलगायी मरू लागतात. शाळेतील साधा सूक्ष्मदर्शक सु. ४०० पट वर्धनावर वापरल्यास शंका उरत नाही. होडीच्या किंवा सळईच्या आकाराच्या, नक्षीदार, सरळ रेषेत पुढे-मागे सरकणाऱ्या कोशिका करंडक वनस्पतींच्या होत. एका जागी दोरीने बांधल्याप्रमाणे गोल फिरणाऱ्या अंडाकार कोशिका बहुधा डायनोफ्लॅजेलेटांच्या असतात. पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट पार शून्यावर नेले, तर करंडक वनस्पती व हिरवी शैवले हटून डायनोफ्लॅजेलेटांना वाव मिळतो, असा जलजीवालये सांभाळणाऱ्यांचा अनुभव आहे. अतिस्वच्छतेने दुखणे वाढते ते असे.

सिलिकेचा उगम : वाळूला दोष देण्याची प्रथा आहे. ती अर्धवटच खरी आहे. क्वॉर्ट्झाच्या स्वरूपातील सिलिका समुद्रजलात अतिशय मंद गतीने विरघळते, त्यामुळे काही महिन्यांच्या मुदतीत तिच्यापासून फारसे भय नसते. न धुतलेल्या वाळूतील बारीक चूर्ण व अस्फटिकी सिलिका मात्र लवकर विरघळतात. नदीच्या वाळूबाबत आणखी एक अडचण अशी की, भीमेच्या खोऱ्यातील वाळूत बेसाल्टापासून सुटलेली खनिजे असतात आणि ती पाण्याचा अल्कधर्मी गुण टिकविण्यास मदत करीत नाहीत. चुनखडीजन्य वाळू अधिक योग्य होय. ती मिळण्याजोगी नसल्यास कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुऊन वापरता येतो. प्रवाळाचे खडक किनाऱ्यावरून उचलून आणणे हा मात्र गुन्हा आहे; २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीखाली संरक्षित आहेत.

क्षारांचे मिश्रण हा दुसरा संभाव्य उगम. चांगल्या प्रतीच्या मिश्रणात सिलिका अल्प असते. खर्च वाचविण्यासाठी उरण-वसईकडील मिठागरांचे जाडे मीठ वापरण्याचा मोह होतो, पण ते समुद्राच्या क्षारांचे यथातथ्य मिश्रण नव्हे. आगरात पाणी आटत असता कॅल्शियम सल्फेट मिठाच्या आधी खाली बसते, तर मॅग्नेशियमाचे क्षार मागे राहिलेल्या कडू पाण्यात जातात. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. त्यात मासे काही काळ जगतील, पण प्रवाळ व शंखधारी प्राणी जगणार नाहीत.

खरा मुद्दा गोड्या पाण्याचा आहे. दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट वजनाने सु. निम्मा सिलिकेचा असतो. पावसाचे पाणी मुरताना हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड घेते व त्या सौम्य अम्लाने फेल्डस्पार, पायरोक्सीन यांसारखी खनिजे कुजतात. या क्रियेत सिलिसिक अम्ल पाण्यात उतरते. कातळाच्या भेगांत व मुरमाच्या थरात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात दर लिटरला काही दशक मिग्रॅ. सिलिका असणे सामान्य आहे. ही सिलिका पिण्यास अपायकारक नाही, पाण्याला चवही देत नाही. म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. याउलट उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी करंडक वनस्पतींनी ती शोषून घेतलेली असल्याने दर लिटरला बहुधा १ मिग्रॅ.हूनही कमी सिलिका उरते. म्हणजे विंधन विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळवून केलेले समुद्रजल लवणतेने समुद्रासारखे असले, तरी सिलिकेच्या बाबतीत ते समुद्रापेक्षा अनेक पटींनी श्रीमंत असते.

बाष्पीभवनामुळे हा फरक दररोज वाढत जातो. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. टाकीचे पाणी लवकर आटते. आटताना केवळ पाणी जाते, क्षार व सिलिका मागे राहतात. म्हणून आटलेल्या जागी खारे पाणी न घालता गोडे पाणी घालावयाचे असते, हा नियम सर्वांस ठाऊक असतो. पण ते गोडे पाणी विहिरीचे असेल, तर त्याबरोबर सिलिका येतच राहते. समजा, १०० लि. पाण्याच्या टाकीतून रोज १.५ लि. पाणी आटते व भर घालावयाच्या पाण्यात दर लिटरला ३० मिग्रॅ. सिलिका आहे. तर रोज ४५ मिग्रॅ. व महिन्याला १,३५० मिग्रॅ. सिलिका टाकीत पडते. म्हणजे दर लिटरमागे साडेतेरा मिग्रॅ.ची भर. करंडक वनस्पती ती वापरतात व थर पुनःपुन्हा येतो. ज्या देशांत घरगुती पाणी सिलिकेने गरीब आहे किंवा जेथे प्रारंभापासून शुद्ध केलेले पाणीच वापरतात, तेथे टाकीतील मूळ साठा संपला की थर दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पठारावरील विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत साठा कधीच संपत नाही. तेथे केवळ थांबून भागणार नाही.

किनाऱ्यावरील स्थिती निराळी आहे. मुंबईत नेताजी सुभाष मार्गावर समुद्रालगत १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय किंवा रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांना नैसर्गिक समुद्रजल जवळ असते. मात्र पावसाळ्यात कोकणातील खाड्यांच्या मुखाशी असलेले पाणी गढूळ, कमी खारे व सिलिकायुक्त होते, कारण सह्याद्रीच्या बेसाल्टावरून आलेल्या नद्या तेथे मिळतात. खासगी उपयोगासाठी समुद्रजल आणावयाचेच असल्यास ते हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, खाडीच्या मुखापासून दूर व भरतीच्या वेळी घ्यावे.

पाणी सिलिकाविरहित करणे : उकळल्याने, तुरटी फिरविल्याने किंवा कापडातून गाळल्याने विरघळलेली सिलिका जात नाही. ऊर्ध्वपातित पाणी सर्वांत निर्धोक, पण महाग. व्यस्त तर्षणाच्या पटलातून बहुतेक सिलिका अडते. घरोघरी असलेली पिण्याच्या पाण्याची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. तथापि त्यांपैकी पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. जलजीवालयासाठी पाणी घेताना ती बंद ठेवली पाहिजे, अन्यथा यंत्राचा उपयोग अर्धा राहतो. पटलानंतर आयन-विनिमय रेझिनाचा टप्पा जोडल्यास उरलेली सिलिकाही निघते. येथे एक फसगत संभवते. पाण्यातील एकूण क्षार दाखविणारे छोटे विद्युत् उपकरण पाण्याची विद्युत्संवाहकता मोजते आणि सिलिसिक अम्ल नेहमीच्या पाण्यात जवळजवळ आयनरहित असल्यामुळे ते या उपकरणाला दिसत नाही. शिवाय रेझिन संपत आले की इतर आयनांच्या आधी सिलिकाच निसटू लागते. उपकरण शून्य दाखवीत असताना थर परत येऊ लागला, तर रेझिन बदलण्याची वेळ झाली असे समजावे. मॉलिब्डेट विक्रियाकारकाने होणाऱ्या रंगपरीक्षेने सिलिका प्रत्यक्ष मोजता येते व ती परीक्षा घरी करण्याजोगी आहे.

अवर्षणप्रवण भागात हे सुचविणे काहीसे विचित्र वाटेल, परंतु पावसाचे पाणी या कामास उत्तम आहे. ते खडकाच्या संपर्कात आलेले नसल्याने त्यात सिलिका जवळजवळ नसते. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्याव्या आणि स्वच्छ गच्चीवरील किंवा प्लॅस्टिकाच्या ताडपत्रीवरील पाणी साठवावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरील पाणी घेऊ नये, कारण जस्त अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक ठरते. १०० लि.च्या टाकीला वरील हिशोबाने महिन्यास ४५ लि. पाणी लागते, म्हणजे दोन-तीन पिंपांत बऱ्याच महिन्यांची बेगमी होते.

थर काढणे : काच कापडाने पुसावी व वाळूवरील थर नळीने ओढून पाण्यासह टाकीबाहेर काढावा. नुसता ढवळू नये. टाकीतच मेलेल्या कोशिकांची कवचे हळूहळू विरघळून सिलिका परत पाण्यात येते. नळीने काढलेल्या कोशिकांबरोबर ती कायमची जाते. आठवड्याला सु. एकदशांश पाणी बदलणे पुरेसे आहे, अर्थात सिलिकाविरहित पाण्याने. लोहाच्या हायड्रॉक्साइडाचे कण भरलेली गाळणी फॉस्फेटाबरोबर सिलिकाही धरून ठेवते. ती लवकर संपते, म्हणून पाण्याचा उगम सुधारल्यानंतरच तिचा उपयोग करावा. प्रकाशाचे तास कमी केल्याने वाढ मंदावते. काही दिवस पूर्ण अंधार केल्यास थर फिका पडतो, पण उजेड येताच पुन्हा वाढतो.

औषधे टाळावीत. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तो मोरचूद शैवले मारतो हे खरे. परंतु सागरी जलजीवालयात तांब्याचा अल्प अंशही गोगलगायी, कोळंबी व प्रवाळ यांना मारक असतो. ते चुनखडीच्या वाळूत व दगडांत शोषले जाऊन पुढे दीर्घकाळ सुटत राहते. अशी टाकी अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी जवळजवळ निकामी होते. नील-हरित शैवलांवरील प्रतिजैविके करंडक वनस्पतींवर उपयोगी पडत नाहीत, मात्र उपयुक्त सूक्ष्मजंतूंना ती बाधू शकतात. सर्व टाकी रिकामी करून वाळू उकळून नव्याने प्रारंभ करणे हा तर सर्वांत वाईट उपाय होय, कारण त्यामुळे अर्धवट स्थिरावलेली सूक्ष्मजंतूंची वसाहत नष्ट होते व तेच चक्र त्याच पाण्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नव्या हौशी लोकांची उमेद बहुधा याच टप्प्यावर खचते.

चरणारे प्राणी अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यानंतरच सोडावेत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर विपुल असलेल्या नेरिटा प्रजातीच्या लहान गोगलगायी काचेवरील थर चांगला खातात. त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील असल्याने पाण्याबाहेर चढून येतात, म्हणून टाकीवर झाकण हवे. १०० लि.ला पाच-सहा पुरतात. पाण्यातील सिलिका घटल्यावर थर विरळ होतो, काचेवर हिरवी झाक व दगडांवर जांभळट-गुलाबी चुनखडी-शैवलांचे ठिपके दिसू लागतात. या बदलास काही महिने लागू शकतात. त्या काळात खाद्य अपुरे पडून गोगलगायी उपाशी राहण्याचा संभव असतो, तेव्हा त्यांना वाळविलेल्या सागरी शैवलाचा लहानसा तुकडा दगडाखाली अडकवून द्यावा लागतो.